वारा सुटला की फ्यूज काढायचे

वीज कुणाला द्यायची, किती द्यायची, कुठून आणायची हे ठरवण्यात माझी उभी हयात गेली. बेळगावची कचेरी आणि बेंगळुरूच्या बैठका, त्यातच केस पिकले.

जांबोटीच्या पलीकडं रानात आक्काचं सासर. तिथल्या टीसीसाठी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसाठी, मी किती साहेबांपुढं तोंड वेंगाडलं ते माझं मला ठाऊक. एका पावसाळ्यात वाऱ्यानं तारा एकमेकींवर आपटल्या आणि तो जळाला. रस्ता वाहून गेलेला, त्यामुळं दिवाळीपर्यंत नवा आलाच नाही. तेव्हापासून गावानं रीतच पाडली, वारा सुटला की टीसीचे फ्यूज काढून ठेवायचे. हे काम दाजींकडं, म्हणजे आक्काच्या नवऱ्याकडं. खात्याच्या नियमात हे बसत नाही, पण खातं तिथं वेळेवर पोचतं कुठं?

पुढं आक्काची फुप्फुसं निकामी झाली. घरात विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन आलं. मी इन्व्हर्टर बसवून दिला, पण पावसात दिवसदिवस वीज नसायची, त्याची बॅटरी शेवटी पार बसली. बेळगावला चल म्हणून तिच्या हातापाया पडलो. ती हलेना.

गेल्या आषाढात मी तिच्याकडं गेलो होतो. दुपारी वारा सुटला आणि थोड्याच वेळात मशीन बंद पडलं. आक्काचे ओठ निळे पडायला लागले. एका हातानं तिची पाठ चोळत दुसऱ्या हातानं मी सबस्टेशनला फोन लावला. लाइन चालू आहे, असं तिथला माणूस परत परत सांगत होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. साहेबपणा कसला, रडत होतो मी.

तेवढ्यात दाजी चिंब भिजून आत आले. हातातले फ्यूज त्यांनी कोनाड्यात ठेवले.

"टीसी वाचला बघ," ते समाधानानं म्हणाले.

मग त्यांचं लक्ष आक्काकडं गेलं. इतक्या वर्षांची सवय, वारा ऐकला आणि पाय आपसूक निघाले होते. फ्यूज उचलून ते तसेच चिखलातून पळाले. मशीन सुरू झालं, आक्काची धाप हळूहळू खाली बसली. दाजी परत येऊन उंबऱ्यावरच बसले. आत यायचा त्यांना धीर होईना.

वारा मात्र वाढतच होता. घरांत दिवे लागलेले बघून चार माणसं आमच्या दारात आली.

"अण्णा, फ्यूज काढलं न्हाय व्हय?" त्यातला म्हातारा दाजींना म्हणाला. "जळंल की टीसी. मग पाऊसभर पाणी न्हाय, गिरणी न्हाय."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी उठून दारात आडवा उभा राहिलो.

"जळू दे," मी म्हणालो. "फ्यूजला कुणी हात लावायचा नाही."

म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावरून आत आक्काकडं बघितलं. चौघंही पावसात निघून गेले. त्यांच्या घरांतही लेकरंबाळं होती, हे मला कळत होतं. तरी मी दारातून हललो नाही.