दोन्ही टोकांनी वाढलेली शाळा

सिस्टर रेजिना यांची आणि माझी पहिली भेट बालवर्गाच्या दारात झाली. म्हसवडहून एसटीने तासगाव आणि तिथून वडापच्या जीपने पुढे, असा प्रवास करून मी विज्ञान शिक्षकाच्या मुलाखतीला आलो होतो. मुख्याध्यापिका कार्यालयात असतील अशी माझी समजूत होती. त्या एका रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि मुलाखत तिथेच सुरू झाली. पदवीची चौकशी त्यांनी शेवटी केली. आधी विचारले, "मूल रडायला लागलं तर तुम्ही काय करता?" माझा अर्ज नववी-दहावीसाठी आहे, असे मी नम्रपणे सांगितले. "नववीतलीही रडतात," त्या म्हणाल्या, "फक्त आवाज करत नाहीत."

त्यानंतरची माझी सगळी नोकरी त्यांच्या हाताखाली झाली. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना विशेषणे टाळतो; ती त्यांना आवडत नाहीत. जे घडले तेवढे सांगतो.

सिस्टर मूळच्या वसईकडच्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बागायतदाराच्या घरातल्या. त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाने त्यांना द्राक्षबागांच्या या पट्ट्यात पाठवले तेव्हा गावात कॅथलिक घर एकही नव्हते. आप्पासाहेब चौगुले या जैन शेतकऱ्यांनी बेदाणा वाळवायची आपली जुनी शेड त्यांना वापरायला दिली. बाजूंना तट्टे लावून तिथे पहिली ते चौथीचे वर्ग भरू लागले. शेडच्या लाकडांना बेदाण्याचा वास होता आणि मुंग्या काही केल्या हटत नसत, असे जुने लोक सांगतात.

चौथीतली सुनंदा नावाची मुलगी ऐन हंगामात यायची थांबली. सिस्टर चालत तिच्या घरी गेल्या. आई बेदाणा निवडायला जात होती, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरी राहिली होती. सिस्टरांनी शिक्षणाचे महत्त्व सांगायला सुरुवात केली, तेव्हा आईने त्यांना मध्येच थांबवले.

"ते समदं खरं हाय. पर ह्या पोराला कुणाच्या गळ्यात बांधू?"

"माझ्या," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुनंदा भावाला घेऊन आली. तो वर्गाच्या मागे पोत्यावर झोपला. हळूहळू इतर मुलीही आपापली भावंडे घेऊन येऊ लागल्या आणि दुसऱ्या एका सिस्टरांना त्या लहानग्यांसाठी वेगळे बसावे लागले. आमचा बालवर्ग असा सुरू झाला. त्यामागे योजना नव्हती. थोरलीला शाळेत ठेवायचे तर धाकट्यालाही घ्यावे लागेल, एवढेच सिस्टरांना कळले होते.

वरचे टोकही सुनंदामुळेच वाढले. तोवर शाळा सातवीपर्यंत पोचली होती; सातवीनंतर तिला आणि तिच्या बरोबरीच्या मुलींना एसटीने तासगावला पाठवायला घरचे तयार नव्हते. प्राथमिक शाळा पुरे, असे संघाच्या वरिष्ठांचे मत होते. सिस्टर पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे गेल्या. अखेर आठवीला मान्यता मिळाली आणि ती तुकडी जसजशी वर सरकली तसतसा शाळेला एकेक वर्ग जोडला गेला. आज तीन वर्षांचे मूल आणि बारावीची मुलगी एकाच फाटकातून आत येतात. सुनंदाताई आता आमच्याच शाळेत गणित शिकवतात.

हे सगळे सुरळीत झाले असे नाही. एका वर्षी, ही शाळा पोरांना बाटवते अशी कुजबुज सुरू झाली. निमित्त खरे होते. मुलींनी टिकली आणि बांगड्या घालू नयेत असा शाळेचा नियम होता आणि एका शिक्षिकेने पहिलीतल्या मुलीच्या कपाळावरची टिकली सर्वांसमोर काढायला लावली होती. मुलीचे आजोबा, निवृत्त सुभेदार परशुराम पवार, पालकसभेत उभे राहिले. पंधराएक घरांनी मुले काढायची तयारी केली होती आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"आवं सिस्टर, मी फौजेत हुतो. तिथं समद्या देवांची पूजा व्हायची, पर कुणी कुणाचं कपाळ पुसलं न्हाई. माझी नात दोन दिस जेवली न्हाई. तिनं काय गुन्हा केला, तेवढं सांगा."

सगळ्यांनी सारखे दिसावे म्हणून नियम आहे, असे उत्तर आम्हा शिक्षकांकडे तयार होते. सिस्टरांनी ते वापरले नाही.

"तिनं काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "नियम मी केला होता. तो चुकीचा होता. आजपासून तो नाही."

मग त्यांनी सुभेदारांना विनंती केली, की शंका असेल तर रोज येऊन कुठल्याही वर्गात बसावे. सुभेदार खरोखरच येऊ लागले. महिनाभर मागच्या बाकावर बसून त्यांनी प्रार्थनेपासून पाढ्यांपर्यंत सगळे ऐकले. नंतर मुलांची कवायत बघवेना म्हणून स्वतःच ती घेऊ लागले. मुले कुणी काढली नाहीत. सिस्टरांशी त्यांचे वाद मात्र अखेरपर्यंत चालू राहिले.

माझे वडील गेले तेव्हा सिस्टर एकट्याच एसटीने म्हसवडला आल्या. चूल पेटली नव्हती. शेजारणीने आणलेली भाकरी त्यांनी आईसमोर बसून खाल्ली, तेव्हा आईनेही दिवसभरात पहिला घास घेतला.

येत्या जूनपासून सिस्टर संघाच्या वृद्ध भगिनींच्या निवासात राहायला जाणार आहेत. हे कळल्यावर गावकरी वरिष्ठांना भेटले. सिस्टरांची इच्छा असेल तर त्यांना इथेच ठेवू, असे वरिष्ठांनी मान्यही केले. हा निरोप घेऊन आम्ही आनंदाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि नकार दिला. सुनंदाताईंना रडू आवरेना. त्यांचा हात हातात घेऊन सिस्टर म्हणाल्या, "माझ्याशिवाय शाळा चालते का, ते मला बघायचंय. इथं राहून ते दिसणार नाही."

ते बघायला त्यांना भरपूर वर्षे मिळोत. गुडघे कुरकुर न करोत, नजर शाबूत राहो, आणि तासगावकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाकडून त्यांना हेच ऐकायला मिळो, की सिस्टर, शाळा चालली आहे.