प्रश्नचिन्हाच्या पुढे काय लिहिलं होतं

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मंडळात मी गेलो तो सतरंज्या उचलायला म्हणून, आणि पाच-सहा वर्षांत मंडळाचा संगणक विभाग होऊन बसलो. विभाग म्हणजे मी आणि घरचा लॅपटॉप. यात माझी हुशारी काही नाही. एका कार्यक्रमाच्या दिवशी प्रिंटर बंद पडला, मी त्याची वायर काढून पुन्हा लावली आणि तो चालू झाला. तेवढ्यावर मंडळानं माझ्याबद्दल जे मत बनवलं ते आजतागायत बदललेलं नाही.

नोकरी माझी एका सरकारी कार्यालयात, आवक-जावक टेबलावर. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकलो ते लॉकडाऊनमध्ये, मोबाईलवरचे फुकटचे व्हिडिओ पाहून. सत्तेचाळीस वर्षांचा होतो. या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात, असं बायको म्हणायची. मी तेही लावत होतो, पण ते सांगितलं नाही.

मंडळाचं वर्षातलं मोठं काम म्हणजे वधू-वर परिचय मेळावा. त्याची आधी पुस्तिका छापायचे. पुढे अविवाहित मुलंमुली, फोटोसकट. शेवटच्या चार पानांवर विधवा, विधुर, घटस्फोटित. फोटो नाहीत आणि अक्षर इतकं बारीक की चष्मा असूनही पान दूर धरावं लागे. असं का, हे कोणी विचारलं नाही. मी तीन वर्षं त्याची प्रुफं तपासली, मीही विचारलं नाही.

मग पुस्तिका बंद करून वेबसाइट करायचं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

साइट साधीच होती. एका पानावर चौकटी: वय किती ते किती, शिक्षण, गाव, वैवाहिक स्थिती, मुलं असलेली चालतील का. हवं तिथं टिक करायचं आणि 'शोधा' दाबायचं. दाबलं की तुम्ही जे मागितलं ते सगळं वरच्या पत्त्यात उमटतं. पत्त्यात आधी साइटचं नाव, मग एक प्रश्नचिन्ह, आणि प्रश्नचिन्हाच्या पुढे एकेक मागणी: वय बरोबर इतकं, गाव बरोबर अमुक, मधे जोडायला 'आणि'चं चिन्ह. माझा प्रोग्राम तेवढा भाग वाचतो आणि यादीतून नावं काढतो. मला हे फार आवडलं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? आलेल्या कागदावरचा विषय वाचायचा आणि योग्य टेबलावर ढकलायचा.

मंडळाच्या बैठकीत मी याची फुशारकीही मारली होती. म्हटलं, तुम्ही शोधलं की ती लिंक तशीच मामाला पाठवा, मावशीला पाठवा, त्यांना तुम्ही पाहिलं तेच पान दिसेल. लोकांना हे पटलं. स्थळ एकट्यानं पाहायची आपल्याकडे पद्धतच नाही.

चाचणीला मंडळाचे पाच जण बसले. अध्यक्षांनी वयाच्या चौकटीत 'योग्य' असं लिहिलं आणि पान कोसळलं. मी प्रोग्रामला शिकवलं की वयाच्या जागी आकडा नसेल तर ती मागणी सोडून द्यायची. दुसऱ्या एकानं आकडे मराठीत टाकले, आणि पायथननं ते निमूट मान्य केले. त्यात माझा काही हात नव्हता, पण शाबासकी मी घेतली. पाचही जण आपापल्या मुलामुलीसाठी पाहत होते, त्यामुळे स्थितीत सगळ्यांनी 'अविवाहित' आणि गावात 'नागपूर' एवढंच टिक केलं. सगळं बरोबर आलं. पोहे खाल्ले आणि चाचणी संपली.

आता बहिणीचं सांगतो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. उमरेडच्या पुढे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि उमरेडला राहते. तिचा नवरा आजारपणात गेला त्याला आठ वर्षं झाली. मुलगी एकच, ती आता अमरावतीला वसतिगृहात. सुरुवातीला एक-दोनदा आम्ही दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता. "दादा, मले या विषयावर बोलायचं नाही," असं ती म्हणाली होती, आणि वर्गाला गप्प करायच्या आवाजात म्हणाली होती. मी गप्प झालो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच पडलं.

मेळावा रविवारी होता. बुधवारी दुपारी डबा खाताना तिचा मेसेज आला. एक लांबलचक लिंक आणि खाली लिहिलेलं: "दादा, तुझ्या साइटवर काहीच येऊन नाही राहिलं. आमच्या शाळेतल्या एका मॅडमसाठी पाहून राहिली."

लिंक उघडण्याआधी मी ती वाचली. साइट करणाऱ्याला ही सवय लागते. चौकटींची नावं आणि त्यातले पर्याय मी रोमन अक्षरांत ठेवले होते, म्हणून प्रश्नचिन्हापुढचं सगळं सरळ वाचता येत होतं. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. स्थिती विधुर, पुन्हा स्थिती घटस्फोटित. गाव उमरेड, पुन्हा गाव नागपूर. मुलं चालतील, हो. शिक्षणाची चौकट रिकामी.

लिंक उघडली. पानावर एकच ओळ: एकही स्थळ मिळालं नाही.

संध्याकाळी पाहू म्हणत मी पोळीभाजी संपवली. संध्याकाळी घरी चहा घेताना बायकोला सहज सांगितलं की बहिणीच्या शाळेतल्या कुणा मॅडमला स्थळ पाहायचं आहे. बायकोनं कप खाली ठेवला.

"त्यांच्या शाळेत मास्तर किती हायेत?"

"दोन. हेडमास्तर आणि ती."

"मंग मॅडम किती झाल्या?"

मी मोजायला लागलो. खरंच मोजायला लागलो. आणि एकवर येऊन थांबलो.

"तुमी साइट बनवली," बायको म्हणाली, "पण तुमाले वाचता नाही येत."

मी पुन्हा फोन काढला. तीच लिंक, तेच शब्द, पण आता प्रत्येकापुढे माझी बहीण उभी दिसायला लागली. मुलं चालतील, हो. शिक्षणाचं काही नाही. तिनं किती दिवस विचार करून त्या चौकटी भरल्या असतील कोण जाणे. आणि माझ्या पानानं तिला उत्तर दिलं होतं, एकही नाही.

तेवढ्यात तिचा दुसरा मेसेज आला. मॅडम म्हणून राहिल्या की असं असेल तर फॉर्म देऊन काही उपयोग नाही, रविवारी येत नाही.

मी फोन लावायला निघालो तर बायकोनं हात धरला. काय बोलणार आहात, तिनं विचारलं. आधी तुमची साइट पाहा, ती म्हणाली. यादीतले सगळे फॉर्म मी माझ्या हातांनी टाकले होते. नागपूरचे विधुर होते, घटस्फोटित होते, त्यातले दोघे तर मेळाव्याची वर्गणी द्यायला येऊन गेलेले. म्हणजे माणसं होती. पान खोटं बोलत होतं.

गुरुवारी अर्धी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, मी घरगुती अडचण म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

चूक सापडायला दीड तास लागला. सापडली तेव्हा ती इतकी लहान होती की मला रजेची लाज वाटली. पत्त्यातून मागणी काढून घ्यायची जी आज्ञा मी वापरली होती ती एका नावापुढे लिहिलेली एकच गोष्ट देते, पहिली. 'स्थिती' दोनदा आली तर ती पहिली उचलते आणि दुसरीकडे पाहतही नाही. तसंच गावाचं. म्हणजे बहिणीनं चार गोष्टी मागितल्या आणि माझ्या प्रोग्रामनं त्यातून विधुर आणि उमरेड एवढंच ऐकलं. उमरेडचा विधुर यादीत एकही नव्हता. सगळ्या गोष्टींची यादी देणारी आज्ञा वेगळी असते. ती मला माहीत होती, एका व्हिडिओत पाहिली होती, वहीत लिहूनही ठेवली होती. वापरली नाही, कारण गरजच पडली नव्हती. आमच्या पाच बापांपैकी एकालाही दोन ठिकाणी टिक करावंसं वाटलं नव्हतं. दोन ठिकाणी टिक करावं लागतं ते शेवटच्या चार पानांवरच्या माणसांना, आणि त्यांच्यातलं कोणी चाचणीला बोलवावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझ्या तर घरातलं माणूस त्या पानांवरचं.

दोन ओळी बदलल्या. बहिणीची लिंक पुन्हा उघडली. सात स्थळं.

आता तिला काय लिहायचं यावर आम्हा नवराबायकोत अर्धा तास गेला. मी लिहिलेलं बायकोनं तीनदा खोडायला लावलं. एकात मी 'माफ कर' म्हटलं होतं, दुसऱ्यात 'आम्हाला आनंदच आहे'. तिसरा मेसेज इतका लांब झाला होता की तो मलाच पुन्हा वाचवेना. शेवटी गेला तो असा: "मॅडमला सांग, चूक साइटची होती. एकाहून जास्त टिक केलं की पहिलंच धरत होती. आता दुरुस्त केली. तीच लिंक पुन्हा उघडायला सांग. फॉर्म रविवारी सकाळपर्यंत घेऊन राहिलो."

उत्तरात एक अंगठा आला. अंगठ्यावरून काय कळतं? मी शुक्रवारभर तो अंगठा पाहत होतो.

शनिवारी सकाळी मी जे केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगतो. साइटवर कोण काय शोधतं त्याची नोंद सर्व्हरवर आपोआप होत असते, प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरासकट. मी ती नोंद उघडली. नाव नसतं त्यात, पण मागण्या मी ओळखल्या. ती लिंक आदल्या दिवशी पुन्हा उघडली गेली होती. नंतर एकदा, फक्त नागपूर ठेवून. मग उमरेड परत टिक करून. बहीण तिथं बसून मन बदलत होती, आणि मी ते ओळ-ओळ वाचत होतो.

बायको मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"बहिणीची पर्स अशी उघडून पाहता का तुमी?"

मी म्हटलं ही पर्स नाही, सर्व्हरचा लॉग आहे. ती हलली नाही. तिथंच उभी राहिली. तिच्यासमोर मी जुन्या नोंदी पुसल्या आणि प्रोग्रामला सांगितलं की इथून पुढे पान उघडलं एवढंच लिहायचं, प्रश्नचिन्हापुढचं काही लिहायचं नाही. वस्तीतल्या आणखी कुणाकुणाचं मी वाचू शकलो असतो, हे तेव्हा लक्षात आलं आणि कान गरम झाले.

रविवारी विहारात वंदना झाली, खुर्च्या लागल्या, मी दारापाशी टेबल टाकून फॉर्म नोंदवायला बसलो. उमरेडहून सकाळची पहिली बस आली असेल, तिच्यात ती नव्हती. दुसऱ्या बसची वेळही गेली. अध्यक्ष येऊन म्हणाले, "आटप गा, स्टेजवर नावं पाठव." मी प्रिंटरची वायर उगाच काढून पुन्हा लावली.

मग ती आली. पांढरी साडी, निळा काठ, खांद्याला शाळेची बॅग. पाकिटातून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. अक्षर फळ्यावरच्यासारखं, एकही खाडाखोड नाही. फोटोही लावलेला.

मला बोलायचं पुष्कळ होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "मॅडम नाही आल्या?"

"आल्या ना," ती म्हणाली, आणि आत जाऊन वहिनीशेजारी बसली.

मी फॉर्म टाईप केला. तिच्या वयाचा आकडा दोनदा चुकला. नंबर पडला तेवीस. या वर्षी यादी एकच होती, मागची पानं वेगळी नव्हती. साइटवरून छापली की ती तशीच येते, ते मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडेल.

तेवीस पुकारला तेव्हा तिनं बॅग वहिनीकडे दिली आणि स्टेजवर गेली. माईक तिला उंच होता, तिनं तो स्वतःच खाली घेतला. नाव सांगितलं, शाळा सांगितली, नोकरीची वर्षं सांगितली. पती वारल्याचं एका वाक्यात सांगितलं. सभागृह अशा वेळी जरा चुळबुळतं, तसं चुळबुळलं. ती थांबली, वर्ग शांत व्हायची वाट पाहावी तशी.

"मला एक मुलगी आहे," ती म्हणाली. "तिला विचारून आले आहे. भावाला सांगायचं राहिलं होतं. तो दारापाशी बसला आहे, त्यानं आता ऐकलं."

लोक हसले आणि वळून माझ्याकडे पाहायला लागले. मी चोविसावा नंबर टाईप करत होतो, असं दाखवलं.