केळुसकरकाकांची मोरांची वही

श्री. श्रीधर केळुसकर यांची आणि माझी पहिली भेट स्टेट कॉलेज नावाच्या गावी, बसमध्ये झाली. मी तेव्हा चौघांत अपार्टमेंट शेअर करणारा विद्यार्थी होतो. त्यांच्या मांडीवर एक खोका होता आणि खोक्यातून मोराचं पिल्लू ओरडत होतं. मी मराठी आहे हे कळताच त्यांनी विचारलं, "जेवलास का?" त्या रविवारपासून मी त्यांच्या गावाबाहेरच्या घरी जाऊ लागलो. काकूंच्या हातचं जेवायचं आणि काकांच्या मागे मोरांच्या जाळीत हिंडायचं, असं दोन वर्षं चाललं.

काकांचं खरं काम म्हणजे त्यांची वही. आपला निळा मोर आणि हिरवा मोर या दोन जातींचा संकर इकडे परदेशात हौसेने पाळतात. तो पिढ्यानपिढ्या हिरव्याशीच जुळवला की दिसायला हुबेहूब हिरवा होतो, तुराही तसाच उभा. म्हणून काका दिसण्यावर कधी गेले नाहीत. प्रत्येक पिल्लाच्या पायात नंबराचं कडं घालायचं, आईबापांचे नंबर वहीत लिहायचे आणि रक्तात निळा कितवा हिस्सा आहे ते काढूनच नाव द्यायचं, ही त्यांची शिस्त. आपल्या मोरपाळ्यांच्या मंडळात सगळ्या पक्ष्यांची नावं तेच ठरवत, आणि आपण त्यांचं तोंडभर कौतुक करत असू.

मग माझा मोर आला. शुद्ध हिरवा म्हणून मी तो एका अनोळखी माणसाकडून आणला होता. मंडळाच्या शॉमबर्गच्या मेळाव्यात त्याला पहिला मान मिळाला. काकांनी कड्यावरचा नंबर पाहिला, त्या माणसाला फोन केला, वही चाळली आणि शांतपणे म्हणाले, "याची पणजी माझ्याकडची निळी लांडोर. हा संकर आहे." त्याची पिल्लं तुमच्यापैकी पाच जणांनी आधीच मागून ठेवली होती.

"काका, लुक्स तर ग्रीनचेच आहेत. इतकं स्ट्रिक्ट कशाला?" आपले सचिव म्हणाले.

"नाव तुम्ही हवं ते द्या. पणजी बदलता येत नाही."

आपण तीही बदलली. दिसेल तसं नाव द्यावं असा ठराव झाला आणि काकांकडून ते काम काढून घेतलं गेलं. पहिला हात माझा वर गेला. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याविरुद्ध. मला याची लाज वाटते, आणि ती काकांच्या या गौरवग्रंथात छापली जावी अशी माझी संपादकांना विनंती आहे.

पुढचं तुम्ही जाणताच. त्या मोराची पिल्लं घरोघरी गेली, आपसात जुळवली गेली आणि त्यांच्या पिल्लांना पंख्यासारखे निळ्याचे तुरे फुटू लागले. शुद्ध हिरवा कोणता, हे आता कोणालाच सांगता येईना. तेव्हा काका आठवले. पार दूरच्या बॉथेलपासून सगळीकडून त्यांना ईमेल गेले. काकांनी वही थांबवली नव्हती. कोणतं पिल्लू कुठे गेलं ते विचारून लिहीतच होते. त्यांनी प्रत्येकाला पानं स्कॅन करून पाठवली. माफी एकानेही मागितली नाही. त्याऐवजी अमृतमहोत्सव ठरला, शाल ठरली.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि माझ्या मोराची नोंद पाहिली. 'संकर, आठवा हिस्सा निळा.' मालकाचा रकाना कोरा होता.

"काका, माझं नाव का नाही?"

"तुझी फसगत झाली होती. पुढेमागे कोणी वही वाचली असती तर उगाच तुला दोष दिला असता."

मी पेन मागून घेतलं आणि रकाना भरला. काकांनी शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.

काका, आपल्याला शंभरी लाभो, गुडघे साथ देवोत, अक्षर असंच स्वच्छ राहो. आम्हा सर्वांना लाज वाटायला अजून बराच काळ लागणार आहे. तोवर आपण असायला हवं.