कथलाचा सेल आणि तीनशे ग्रॅम गॅस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, माझ्या हातून एक गोष्ट कधी चुकत नाही — मोजमाप. गल्लीत कुणाला प्लॉट मोजायचा असो की टाकीत किती पाणी मावतं ते बघायचं असो — "सरांना विचारा." वैताग येतो हो हे ऐकून!

दोन हजार एक साली मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बॅटरीच्या चाचण्या घ्यायचो. शबाना तिथे पीएच.डी. करत होती. मुरगूडची, वडील कल्हईवाले. नुसत्या लिथियमची बॅटरी पुन्हापुन्हा चार्ज केली, की आत लिथियमच्या सुया वाढतात, मधला पडदा भोसकतात आणि बॅटरी पेटते. तिचं म्हणणं — लिथियम कथलात मुरवा, सुया वाढणार नाहीत. अडचण एकच. लिथियम मुरलं की कथील फुगतं, तडकतं. म्हणून तिने तांब्याच्या पत्र्यावर कथलाचा अगदी पातळ हात दिला — वडिलांकडून शिकलेला. लॅबमधले तिला "कल्हईवाली" म्हणून चिडवायचे. ती म्हणायची, "व्हय की! आणा भांडी, चकाचक करून देते."

तिचा सेल बासष्ट वेळा चार्ज होऊन उतरला होता. शंभर झाले की गाईड पुढच्या कामाला मंजुरी देणार होते. आमचा चार्जर आपोआप बंद होत नसे. व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला पोचलं की हाताने बंद करायचा, नाहीतर जास्त चार्ज होऊन सेल फुटायचा. ते काम माझं.

आणि त्रेसष्टाव्या चार्जिंगच्या दुपारी मी कुठे होतो? — सांगतानाही स्वतःची चीड येते — गॅस एजन्सीत. घरचा सिलिंडर तीनशे ग्रॅम कमी भरला होता. मी वजन केलं होतं ना! तिथला माणूस म्हणाला, "पावणं, तीनशे ग्रॅमात काय लगीन उरकणार हाय व्हय?" झालं — मग मी हटलोच नाही. दीड तास भांडलो. सिलिंडर बदलून घेतला. जिंकलो!

परत आलो, तर सेल फुगून फुटलेला. शबाना गावी गेली होती. मी वहीत व्होल्टेजच्या रकान्यात ठरलेला आकडा लिहिला आणि शेऱ्यात — 'कथील फुगून सेल फुटला.' कथील फुगतं हे सगळ्यांनाच ठाऊक. कोण शंका घेणार? तीही माझ्या अक्षरावर?

गाईड म्हणाले, "मी सांगत नव्हतो? बंद करा ते कथील." आणखी एक सेल करून बघू, एवढं एक वाक्य मी बोलू शकलो असतो. बोललो? — नाही.

शबानाने वही दोनदा वाचली. म्हणाली, "दुसऱ्या कुणी लिवलं असतं तर मी मानलं नसतं, सर. पण तुमचा आकडा कसा चुकंल? माझाच हात जाड पडला."

पीएच.डी. सोडून ती गारगोटीला शाळेत शिकवायला गेली. हात जाड पडला, असंच ती आजही समजत असणार.

तो थर सेलमध्ये घालण्याआधी मी स्वतः मोजला होता. आठ मायक्रॉन. ठरला होता तेवढाच.