सहाच्या गाडीला बाराचा दिवा

सांगा, मोटारसायकलच्या एका दिव्यासाठी दुकानदार म्हणेल ती किंमत देणं म्हणजे नफेखोरीपुढे मान तुकवणं नाही का? परभणीच्या दुकानदाराला मी तसं सुनावलं आणि आमच्या जुन्या गाडीसाठी सोनपेठच्या बाजारात भंगारवाल्याकडून निम्म्या किमतीत दिवा घेतला.

त्या संध्याकाळी ‘कुळांना जमिनी ताबडतोब द्या’ ही पत्रकं सभेआधी झरीला पोचवायची होती. वाटेत अंधारलं. दिवा लावला, तर विडीच्या टोकाएवढा लाल ठिपका. मागे बसलेला मित्र म्हणाला, “नेते, तुमी उतरून भाषणच करा. लोक हातात कंदील घेऊन तरी येतील.”

शेवटी एका बैलगाडीच्या कंदिलामागून निघालो. गाडीवान दोनदा म्हणाला, “सावकाश या, बैलं बिचकायलेत.” झरीत पोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हसला. “ह्यो लॉरीचा हाय, बारा व्होल्टचा. तुमची गाडी सहाची.” मोडीत निघालेल्या मोटारसायकलचा दिवा त्याने त्याहूनही स्वस्तात बसवून दिला.

तेव्हा मित्रहो, नफेखोराशी जरूर भांडा, दिवाही जुनाच घ्या. पण पैसे देण्याआधी दिव्याच्या बुडाशी असलेल्या पितळी टोपीवरचा व्होल्टचा आकडा एकदा वाचून घ्या.