लव्हॉनने मागवलेली विजेची बिलं

लव्हॉन रेमर्सचं केस कापायचं दुकान आमच्या पोस्टाच्या अगदी समोर. एकसष्ट वर्षांची, ठेंगणी बाई. बोलण्याच्या भरात आली की कात्री हवेतच थांबायची आणि खुर्चीतला माणूस कान सांभाळत बसायचा. तीस वर्षं मीही त्याच खुर्चीत बसत आलोय, म्हणून सांगतो.

आयोवातल्या आमच्या एल्डर ग्रोव्हची वीज गावाच्याच मालकीची. खांब, तारा, मीटर सगळं नगरपालिकेचं. तीन मैलांवरच्या केसलला मोठ्या कंपनीची वीज, आणि मधल्या शेतांवर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची. कोण किती भरतं याची चौकशी कुणी कधी केली नव्हती. पण त्या मार्चमध्ये कंपनीने आमच्या गावाचा सगळा वीज कारभार विकत मागितला आणि मतदान मेमध्ये ठरलं.

शाळेच्या जिममध्ये सभा भरली. महापौर ड्वाइट होकस्ट्राने फळ्यावर दोनच आकडे लिहिले. आपला दर साडेतेरा सेंट युनिट, कंपनीचा अकरा.

"मंडळी, यापुढे काय बोलायचं राहिलं?" तो म्हणाला.

लव्हॉन उठली. "राहिलंय थोडं. केसलची मार्लिस काल माझ्याकडे आली होती. तिचं फेब्रुवारीचं बिल तीनशे दहा डॉलर. माझं एकशे वीस. घरं सारखीच."

"लव्हॉन, मार्लिसचं घर विजेवर तापतं. तुझं गॅसवर," ड्वाइट शांतपणे म्हणाला. "केसांचं तू बघ, विजेचं आम्ही बघतो."

सगळी जिम हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. लव्हॉन लालबुंद होऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टाचं दार उघडतोय तर ती पायरीवर उभी. तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, पण तिचे डोळे नुसते चमकत होते.

"ड्वाइटचं बरोबर होतं. मी येड्यासारखी दोन वेगळ्या घरांची बिलं शेजारी ठेवली," ती म्हणाली. "पण रॉजर, हे बघ. मार्लिसने दोन हजार ऐंशी युनिट जाळलेत. तीनशे दहाला त्याने भाग दे. पंधरा सेंटला टेकतंय. मग ड्वाइटचे अकरा सेंट कुठले? वरचे चार आले कुठून?"

मी भागाकार करून पाहिला. खरंच पंधराला टेकत होतं.

त्याच दुपारी तिच्या काचेवर पाटी लागली: बारा महिन्यांची विजेची बिलं आणा, केस फुकट कापून घ्या.

आठवड्याभरात दुकानाबाहेर गाड्या लावायला जागा उरली नाही. केसलच्या बायका बिस्किटाच्या डब्यांतून बिलं घेऊन आल्या. शेतांवरून वर्लिन ऑटे आला. त्याने वर्षभर केसांना कात्री लावली नव्हती. बिलं बियाण्याच्या पोत्यात भरून आणली होती.

"यात दाढीपण बसते का?" त्याने विचारलं.

"दाढीला गेल्या वर्षीचीही लागतील."

तो गाडीत जाऊन खरंच गेल्या वर्षीची घेऊन आला.

तीन आठवड्यांत सत्तावन्न घरांची बिलं जमली. दर रविवारी चर्च सुटलं की लव्हॉन आणि मी तिच्या दुकानात ती मांडून बसायचो. हळूहळू उलगडा झाला. फळ्यावरचा दर म्हणजे बिलाची एक ओळ. खाली आणखी ओळी होत्या. दरमहा ठरलेला स्थिर आकार, शिवाय इंधनाचा आणि वहनाचा आकार. कंपनीच्या त्या शेवटच्या दोन ओळी मिळून वर्षाच्या सरासरीने युनिटमागे तीन सेंट होत होत्या. आमच्या नगरपालिकेच्या साडेतेरात ते दोन्ही धरलेले होते; वर फक्त महिन्याचा नऊ डॉलर स्थिर आकार.

"आता कुणाचं घर घ्यायचंच नाही," लव्हॉन म्हणाली. "एकच घर धरायचं, महिन्याला आठशे युनिटचं, आणि तेच तिघांच्या दराने मोजायचं."

गुरुवारी सकाळी ती धावत रस्ता ओलांडून पोस्टात आली. दोन्ही हातांत केसांच्या रंगाने माखलेले हातमोजे. तिच्यामागे मार्लिस, डोक्यावर निम्मा रंग आणि गळ्यात दुकानाचं कापड.

"निघालं, रॉजर! आपलं एकशे सतरा. कंपनीचं एकशे एकतीस."

"आणि माझा रंग वाळतोय," मार्लिस म्हणाली. "केसलचं दुःख कुणाला आहे का?"

तिसरा आकडा मात्र लव्हॉनने हळू सांगितला. सहकारी संस्थेचं एकशे बारा. आमच्यापेक्षाही कमी.

"तो सभेत वाचायचं कारण नाही," मी म्हणालो. "संस्थेला विका असं कोण म्हणतंय?"

"वर्लिन समोर बसणार. त्याच्याच बिलांवरून मी हे काढलं. त्याच्या तोंडावर कसं लपवू?"

एप्रिलच्या सभेला लोक भिंतीला टेकून उभे होते. लव्हॉनने मोठा कागद टांगला. तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना थरथरला, मग सुटला. आठशे युनिटचं झाल्यावर तिने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं, तीनशे युनिटचं घर घेतलं. आपलं साडेएकोणपन्नास डॉलर, कंपनीचं एकसष्ट, संस्थेचं त्रेसष्ट, कारण संस्थेचा स्थिर आकार जबर. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी पाकिटांच्या पाठीवर आकडे लिहून घेतले. आठशे युनिटला संस्था आपल्यापेक्षा स्वस्त आहे, हेही तिने तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. वर्लिनने ताठ बसून इकडे तिकडे पाहिलं.

"इंधनाचा आकार बदलता असतो. पुढच्या वर्षी उतरेल," ड्वाइट म्हणाला.

"उतरेलही. पण या बारा महिन्यांत तो नऊदा चढला आणि तीनदा उतरला. मी सरासरी धरलीय."

ड्वाइटने कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. त्या तरुणाने पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "आकडे आमच्याच दरपत्रकातले आहेत. बाईंनी बरोबर मोजलंय."

एकदम कोलाहल झाला. ड्वाइटने तो शमेपर्यंत वाट पाहिली. "लव्हॉन, हे मला आधी का दाखवलं नाहीस?"

"तू केस कापायला केसलला जातोस, ड्वाइट."

या वेळी सगळे हसले ते त्याला. तोही हसला, पण कान लाल झाले होते.

मे महिन्यात मतदान झालं. विकू नका म्हणणारे तीनशे अठ्ठ्याऐंशी, विका म्हणणारे दोनशे चोवीस. लव्हॉनच्या दुकानात त्या दुपारी कुणाचेच केस कापले गेले नाहीत. नुसती रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड पाई आणि कॉफी.

गावाने तिला वीज मंडळावर घेतलं. तिला मात्र ते एकशे बारा डॉलर चैन पडू देईनात. ती वर्लिनला घेऊन संस्थेच्या कचेरीत जाऊन बसली आणि विचारत राहिली, तुम्हाला कसं परवडतं? संस्था आणखी चौदा संस्थांबरोबर मिळून घाऊक वीज घेते, असं कळलं. आमच्या गावाने त्या गटात शिरायला दोन वर्षं घेतली. दर एका सेंटाने उतरला.

नव्या दराची पहिली बिलं माझ्याच पोस्टात आली. मी गठ्ठा सोडतोय तोवर लव्हॉन खिडकीशी हजर. खुर्चीत गिऱ्हाईक तसंच सोडून आली होती.

"रॉजर, माझं आधी काढ."

"वाटपाची वेळ दहाची आहे."

"मी कुठे काय म्हणतेय? तू काढ, मी दहापर्यंत उभी राहते."

मी ते नऊलाच दिलं. तिने उभ्या उभ्या फोडलं, वाचलं, आणि माझ्यापुढे धरलं, मलाही बघता यावं म्हणून.