रेघेवरची घंटी

परभणीत दिनकररावांना पटेल असं एकही माणूस नव्हतं. कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. वर्गात शिरतानाच कपाळावर आठ्या घेऊन शिरायचे, आणि पोरांकडं असं बघायचे की जणू कुणीतरी गुरं हाकत दुसऱ्या मजल्यावर आणून बसवलीत. प्राचार्य त्यांच्या लेखी बिनडोक, वकील पोटभरू, डॉक्टर नुसते सुया टोचणारे. वीज मंडळाचं तर नावच काढू नका. "येलदरीच्या धरणावर वीज तयार होती अन् आमी इथं कंदिलाच्या काचा पुसायलोत," हे त्यांचं रोजचं वाक्य.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, कॉलेज मधूनच उघडायचं आणि मधूनच मिटायचं. नामांतर व्हावं म्हणणारे त्यांच्याकडं सही मागायला आले, होऊ नये म्हणणारेही आले. दोघांनाही त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच कटवलं. "आधी शिका, मग पाटी रंगवा." लोक पोटतिडकीनं काही मागायलेत, जीव पणाला लावायलेत, याची त्यांना काय पडली होती! असली तोडून टाकणारी उत्तरं म्हणजेच हुशारी, अशी त्यांची पक्की समजूत होती.

या सगळ्या तुच्छतेतून सुटलेलं एकच माणूस होतं, त्यांची लेक सुनेत्रा. पोरगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि टेनिस खेळायची. बदलून आलेल्या एका बँक मॅनेजरच्या बायकोनं तिला ऑफिसर क्लबात रॅकेट धरायला शिकवलं. बाई बदलून गेली, रॅकेट राहिली. पोरीचा हात असा बसला की क्लबातले ढेरपोटे साहेब तिच्यासमोर दोन गेम खेळले की गुडघा दुखायला लागला म्हणून खुर्ची गाठायचे.

आता हा क्लब म्हणजे काय, तेही ऐका. मुरमाचं एक मैदान, चुन्याच्या रेघा, चार वेताच्या खुर्च्या आणि पत्त्यांची खोली. निजामाच्या काळातल्या कुण्या तालुकदारानं बंगल्याच्या वऱ्हांड्यात लोळत खेळ दिसावा म्हणून मैदान पूर्व-पश्चिम आडवं पाडलेलं. टेनिसचं मैदान दक्षिणोत्तर पाडतात, हे त्याला कोण सांगणार? अध्यक्ष होते पेडगावचे आबासाहेब. शेती पेडगावला, माडी परभणीत, आणि टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नाही. ते यायचे ते सुपारी कातरायला. मुंजाजी नावाचा क्लबाचा जुना गडी मुरमावर पाणी मारायचा, दोरी ताणून चुना ओढायचा आणि मॅचला चेंडू आत की बाहेर ते ओरडायचा. त्याची एक रीत होती. चेंडू रेघेजवळ पडला की तो आधी मैदानाकडं नाही, आबासाहेबांच्या अडकित्त्याकडं बघायचा. अडकित्ता चालू असला तर मुंजाजी डोळ्यांना दिसलं ते सांगायचा. अडकित्ता थांबला की चेंडू आबासाहेबांना हवा तिथं पडलेला असायचा. क्लबात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. असली माणसं!

दरवर्षी होळीच्या सुमारास मुलींची स्पर्धा व्हायची आणि जिंकणारीला क्लब औरंगाबादच्या विभागीय स्पर्धेला पाठवायचा. मागच्या वर्षी शेवटच्या मॅचला सुनेत्रासमोर आबासाहेबांची पुतणी कावेरी होती. कावेरीचा चेंडू रेघेबाहेर चार बोटं पडला. अडकित्ता थांबला. मुंजाजी म्हणाला, "आत!" सुनेत्रा हरली. दिनकरराव भर मैदानात ओरडले, "विकलेले डोळे! थू तुमच्या क्लबावर!" आबासाहेबांनी शांतपणे सुपारी तोंडात टाकली. यंदा पोरीचं या स्पर्धेतलं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. औरंगाबाद म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

दिनकररावांनी ठरवलं, माणसाच्या डोळ्यावर भरवसाच ठेवायचा नाही. ते हैदराबादला गेले आणि कोठीच्या बाजारातून डाळीएवढे प्रकाशाचे डोळे घेऊन आले. त्याचं काम सोपं होतं. त्या डोळ्यावर उजेड पडत असला की वीज वाहती, उजेड अडला की थांबती, आणि थांबली की घंटी वाजती. मैदानाच्या पश्चिम टोकाला मोटारीचे दिवे, पूर्व टोकाला पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवलेले हे डोळे, मधे चुन्याच्या रेघेला अगदी लागून, बाहेरच्या अंगानं, जमिनीसरपट उजेडाची ओळ. चेंडू बाहेर टेकला की उजेड तुटणार. असे तीन-तीन दिवे त्यांनी दोन्ही बाजूंच्या रेघांना बसवले, म्हणजे वीतभर बाहेरपर्यंतचा चेंडू सापडावा. त्यापुढचा तर आंधळ्यालाही दिसतो. वीज मंडळाच्या भरवशावर राहणारे ते नव्हतेच, म्हणून सगळं मोटारीच्या बॅटरीवर.

क्लबाच्या बैठकीला ते भांडायच्या तयारीनं गेले. आबासाहेबांना काय काय सुनवायचं ते घोकून ठेवलं होतं. पण आबासाहेब ऐकून एकदम खूश! "आपल्या क्लबात सायन्स? वा प्रोफेसर! पेपरात येऊन जाईल. लावा, बेशक लावा." घोकलेले सगळे टोमणे पोटातच राहिले. तरी त्यांनी नियम करून घेतला: बाजूच्या रेघेजवळ घंटी वाजली तर बाहेर, न वाजली तर आत. माणसाच्या डोळ्याचा काही संबंध नाही. मुंजाजीनं फक्त घंटीचं ऐकून ओरडायचं. सगळ्यांनी मान डोलावली.

मग महिनाभर दिनकरराव सकाळी सकाळी क्लबात जायचे, यंत्र लावायचे, सुनेत्राला चेंडू मारायला लावायचे. रेघेच्या आत पडला की गप्प, बाहेर पडला की ट्रिंग! एकदाही चुकलं नाही. मधेच एखादं कुत्रं आडवं गेलं की तेवढं वाजायचं.

सुनेत्रा एकदा म्हणाली, "नाना, मॅच तर संध्याकाळी असती. एकदा संध्याकाळी लावून बघू ना."

"संध्याकाळी तिथं ती टोळी असती. त्यांच्या तोंडाला कोण लागावं? सकाळी जे खरं, ते संध्याकाळी खरं. विज्ञान काही आबासाहेबाचा नोकर न्हाई."

पोरगी चेंडू गोळा करायला लागली. नानांसमोर दुसरं काही चालतही नव्हतं.

स्पर्धा आली. शेवटच्या मॅचला पुन्हा सुनेत्रा आणि कावेरीच. आबासाहेबांची दुपारची झोप झाल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, ही तिथली रीत. म्हणून ऊन कलल्यावर मॅच सुरू झाली. आबासाहेबांच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून पश्चिमेकडून कनात ताणलेली, आणि तिच्या सावलीत त्यांच्या शेजारी मानाची खुर्ची, प्रोफेसरसाहेबांसाठी. दिनकरराव नको नको म्हणत बसले. बसल्यावर मात्र पाय लांब केले.

पहिला सेट म्हणजे मजाच. कावेरीचा चेंडू जरा बाहेर पडला की ट्रिंग! आबासाहेबांचा अडकित्ता थांबायचा, पण मुंजाजी तिकडं बघायलाच तयार नाही. "बाहीर!" लोक टाळ्या वाजवायला लागले. दिनकररावांनी शेजारी बघितलं. मनात म्हणाले, कातर, आता कातर सुपारी! सुनेत्रानं पहिला सेट हसत हसत घेतला.

दुसऱ्या सेटमधे सूर्य खाली उतरला. कावेरीचा एक चेंडू बाहेर पडला, चांगला तीन-चार बोटं. घंटी वाजली नाही. मग दुसरा चेंडू, तोही बाहेर, तरी घंटी गप्पच. दिनकररावांनी पूर्वेच्या टोकाकडं बघितलं. मावळतीचं ऊन सरळ त्या डाळीएवढ्या डोळ्यांत घुसलं होतं. डोळ्यांपुढच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आतून लखलखत होत्या. एवढ्या उन्हापुढं मोटारीच्या दिव्याला कोण विचारतो? उजेड तुटला काय, न तुटला काय, त्या डोळ्यांना आता कळतच नव्हतं. सकाळी ऊन त्या डोळ्यांच्या पाठीमागं असायचं. दिनकररावांनी मागच्या वर्षीची मॅच याच वेळी, इथंच उभं राहून बघितली होती. पण तेव्हा ऊन कुठं बघितलं? ते माणसांवर डोळे वटारत होते.

मुंजाजी धावत कनातीपाशी आला. "सर, घंटी वाजंना. म्या तर बाहीर बघितला. लय बाहीर. काय म्हनू?"

बघा, काय वेळ आली होती! मागल्या साली विकलेला म्हणून ज्याच्यावर थुंकले, त्याचाच डोळा आज खरं सांगत होता. एवढंच म्हणायचं होतं: थांबा, माझं यंत्र आंधळं झालंय, घंटीचा नियम बाजूला ठेवा. पण ते म्हणायचं कुणापुढं? आबासाहेबांपुढं? ज्यांना जन्मभर गाढव म्हटलं त्या सगळ्यांपुढं? ते दात काढून हसले असते. उद्या कॉलेजात प्राचार्य हसला असता. सुनेत्रा रॅकेट खाली धरून त्यांच्याकडंच बघत उभी होती.

"तुमच्या डोळ्याला कोण विचारायलंय?" दिनकरराव मुंजाजीवर खेकसले. "घंटी वाजली न्हाई ना? मग आत."

"शाब्बास!" आबासाहेब म्हणाले. "नियम म्हणजे नियम." अडकित्ता पुन्हा चालू झाला.

मनात दिनकररावांनी स्वतःची समजूत घातली. पोरगी चांगली खेळती, निभावून नेईल. केवढं हे धैर्य! स्वतःची लाज झाकायची आणि ओझं पोरीच्या हातावर ठेवायचं.

कावेरी काही खुळी नव्हती. घंटी झोपलीय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती बिनधास्त रेघेबाहेर मारायला लागली. सुनेत्रा धावायची, पोचायची नाही, आणि मुंजाजी पडलेल्या तोंडानं "आत" म्हणायचा. दुसरा सेट गेला. तिसऱ्यात पोरीनं जीव टाकून बरोबरी राखली, तरी शेवटी कावेरीला जिंकायला एकच पॉइंट हवा, अशा जागी मॅच येऊन ठेपली. सूर्य अजून मावळला नव्हता. लांबलचक खेळ झाला, आणि सुनेत्रानं रेघेला धरून सणसणीत चेंडू मारला. कावेरी जागची हललीसुद्धा नाही. चेंडू बाहेर पडला होता.

घंटी गप्प. मुंजाजीनं कनातीकडं बघितलं आणि ओरडला, "आत!"

दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. वाचली! आता थोडं रेटलं की ऊन जाईल, घंटी वाजायला लागेल, पोरगी जिंकेल आणि कुणाला काही कळणारही नाही. त्यांनी टाळीसुद्धा वाजवली.

सुनेत्रानं हात वर केला. "बाहेर होता," ती म्हणाली. "माझा चेंडू बाहेर होता. मी बघितला." ती जाळीपाशी गेली, कावेरीचा हात हातात घेतला आणि मॅच सोडून दिली. कावेरीचं तोंड उतरलं. आबासाहेबांना मात्र काहीच उमगलं नाही. त्यांनी शाल मागवली, नारळ मागवला आणि दिनकररावांच्या खांद्यावर शाल घालत सगळ्यांना सांगितलं, "प्रोफेसरांच्या सायन्समुळं यंदा एकही भांडण झालं न्हाई!" ढेरपोट्यांनी टाळ्या पिटल्या. दिनकररावांनी नमस्कार केला. करतात काय?

घरी जाताना सुनेत्रा सायकल हातात धरून चालत होती. दिनकरराव शालीची घडी बगलेत मारून तिच्या मागं. स्टेशन रोड लागला. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं हात वर करायला? घंटीनं आत दिला होता. ऊन गेलं असतं तर तूच जिंकली असतीस. औरंगाबाद घालवलंस हातानं."

सुनेत्रा थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता.

"यंत्राच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं, नाना. तुमी तर कनातीच्या सावलीत बसला होतात."